दोन चेतक आणि वर्ध्याचे दोन प्रश्न

जुन्या वाहनांची आवड असणारी चार माणसे एकत्र जमली, की त्यांच्यात जी चर्चा रंगते ती साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी लक्षपूर्वक ऐकावी. कोणी एकाने सत्तरच्या दशकातली बजाज चेतक पुन्हा उभी केलेली असते. मग तिचा दिवा मूळचा की मागाहून बसवलेला, पुढच्या पत्र्यावरची अक्षरे कोणत्या वर्षीची, अंगावरचा रंग कारखान्यातला की गल्लीतल्या रंगाऱ्याचा, यांवर तासन् तास वाद चालतो. हा वाद ऐकताना आम्हांला पाठचिकित्सेचीच आठवण होते. मूळ पाठ कोणता, प्रक्षेप कोणता आणि नंतरच्या हातांनी केलेली दुरुस्ती कोणती, हेच येथेही शोधले जाते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे जो प्रश्न होता, त्याच जातीचा, अर्थात फार लहान, प्रश्न या मंडळींपुढे असतो.

पुढे ही चर्चा ठरलेल्या वळणावर येते: जुनी बरी की नवी? वाद आजही निघतो, कारण चेतक या नावाचे दोन जन्म झाले. पहिली चेतक १९७२ साली बाजारात आली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे उत्पादन थांबले. दुसरी, विजेवर चालणारी चेतक ऑक्टोबर २०१९ मध्ये लोकांसमोर आली आणि २०२० पासून विकली जाऊ लागली. जुनीचे चाहते म्हणतात, त्या काळी पत्रा पत्र्यासारखा होता. नवीचे म्हणतात, त्या किकने पायाच्या नळ्या फोडून घेतल्या आहेत त्यांना विचारा. दोन्ही बाजू खऱ्या बोलतात आणि वाद आवडीनिवडीपाशी येऊन थांबतो.

आमच्या मते तो तेथे थांबण्याचे कारण नाही. यंत्राकडे पाहण्याचे दोन प्रश्न ज्या गावात मांडले गेले, त्याच गावात या कारखानदार घराण्याचे मूळ आहे. ते गाव वर्धा. तेथले प्रश्न हाती घेऊन दोन्ही चेतकांकडे पाहिले, तर त्यांच्या चाहत्यांनाही स्वतःच्या प्रेमाचा अर्थ अधिक स्पष्ट होईल.

*

'बजाज' या शब्दाचा अर्थ कापडाचा व्यापारी. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला हा शब्द आडनाव होऊन बसला आणि पुढे स्कूटरचे नाव झाला. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये राजस्थानातल्या सीकरजवळच्या एका खेड्यात झाला. वर्ध्याचे व्यापारी बच्छराज यांच्या घराण्यात ते लहानपणी दत्तक आले आणि वर्ध्याचे झाले. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या सुमारास त्यांनी गांधींकडे एक मागणे मागितले: मला तुमचा पाचवा पुत्र माना. असहकाराच्या काळात त्यांनी रायबहादूर ही पदवी सोडली, १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास भोगला आणि १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. विनोबा १९२१ मध्ये वर्ध्यात आले. गांधींनी १९३४ मध्ये वर्ध्यात आणि १९३६ मध्ये जवळच्या शेगावात मुक्काम केला. त्या शेगावाचे पुढे सेवाग्राम झाले. या सगळ्यामागे जमनालालजींचा आग्रह आणि त्यांची थैली होती.

कापडाचा व्यापारी असे आडनाव असलेल्या माणसाने विदेशी कापडावर बहिष्कार घालून खादीचे काम अंगावर घ्यावे, यात भाषेचा एक विनोद आहे. पण जमनालालजी उद्योगाचे विरोधक नव्हते. साखर कारखान्यासारख्या आधुनिक उद्योगांत त्यांनी भांडवल घातले होते. संपत्ती मिळवावी, परंतु तिचा मालक न होता विश्वस्त व्हावे, हा गांधींचा विचार त्यांनी व्यवहारात उतरवून पाहिला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यातच त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात त्यांनी गोसेवेचे काम हाती घेतले होते.

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९४५ रोजी, एका कंपनीची स्थापना झाली. तिचे नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. वर्ध्याच्या त्या जुन्या व्यापाऱ्याचे नाव धारण करणारी हीच कंपनी पुढे बजाज ऑटो झाली. १९४८ पासून ती परदेशी बनावटीच्या दुचाकी आणि तीनचाकी गाड्या आणून विकू लागली. १९५९ मध्ये तिला त्या देशातच बनवण्याचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार होऊन व्हेस्पा स्कूटर पुण्याजवळ आकुर्डीत तयार होऊ लागली. या काळात घराण्याची धुरा जमनालालजींचे पुत्र कमलनयन बजाज यांच्याकडे होती. १९५७ पासून लोकसभेत वर्ध्याचे प्रतिनिधी तेच होते.

*

आता त्याच १९४५ सालातली दुसरी घटना पाहू. त्या वर्षी जे. सी. कुमारप्पा यांचे 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये शिकलेले. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हापासून ते वर्ध्याच्या मगनवाडीत ठाण मांडून बसले होते. मगनवाडीची जागा जमनालालजींनीच दिलेली होती. घाणीचे तेल, हातकागद, गूळ, मधमाशा यांवर तेथे प्रयोग चालत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींनी तेथल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. कुमारप्पांनी आपले पुस्तक तुरुंगात लिहिले आणि त्याला गांधींची प्रस्तावना लाभली.

या विचारपरंपरेतले दोन प्रश्न आम्हांला येथे हवे आहेत.

पहिला प्रश्न: यंत्र माणसाच्या हाती राहते, की माणूस यंत्राच्या हाती जातो? १९२४ मध्ये दिल्लीत रामचंद्रन नावाच्या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याने गांधींना यंत्राविषयी छेडले. तेव्हा गांधींनी सिंगरच्या शिलाई यंत्राचा अपवाद केला. बायकोने हाताने टाके घालत बसू नये या मायेपोटी ते यंत्र जन्माला आले, म्हणून ते त्यांना मान्य होते. मग ते यंत्र बनवणाऱ्या कारखान्याचे काय, असा बिनतोड प्रश्न रामचंद्रन यांनी केला. असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा शासनाच्या नियंत्रणाखाली असावेत, असे उत्तर गांधींनी दिले. या उत्तराकडे आम्ही पुढे परत येणार आहोत.

दुसरा प्रश्न कुमारप्पांचा आहे: यंत्र कशावर चालते? त्यांच्या मांडणीत निसर्गाची देणगी दोन प्रकारची आहे. वाहते पाणी, वाढते झाड, जनावराचे बळ हा प्रवाह आहे. जितके घ्यावे तितके पुन्हा येते. कोळसा, खनिज तेल, धातू हा साठा आहे. घेतला की संपला. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था साठ्यासाठी भांडते, आणि भांडण वाढले की युद्ध होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिणाऱ्या कुमारप्पांना हे पुस्तकी सत्य वाटत नव्हते.

*

पहिल्या चेतककडे वळण्यापूर्वी तिच्या पूर्वजाची ओळख करून घ्यावी लागेल. व्हेस्पाचा जन्म १९४६ चा. युद्धात पियाजिओचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता. कोरादिनो द'आस्कानियो या विमानाच्या अभियंत्याने विमानबांधणीची दृष्टी स्कूटरला लावली. वेगळा सांगाडा नाही. वाकवलेला पत्राच सांगाडा. साखळी नाही, इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडलेले. चाक एकाच बाजूने धरलेले, त्यामुळे नट सोडले की ते हातात येते. पुढचे आणि मागचे चाक एकसारखे, म्हणून एकच स्टेपनी दोन्हींना चालते. चाकाची कडी दोन अर्ध्या भागांची, ते भाग अलग केले की ट्यूब मोकळी होते.

हीच रचना आकुर्डीत आली. १९७१ मध्ये पियाजिओशी असलेला करार संपला आणि पुढच्याच वर्षी चेतक हे नाव आले. हळदीघाटच्या लढाईत राणा प्रतापांना वाचवून प्राण सोडणारा घोडा आपल्याकडच्या मुलांनाही शाळेच्या पुस्तकांतून परिचित होता. राजस्थानातून वर्ध्यास आलेल्या घराण्याने स्कूटरला तेच नाव द्यावे, हे स्वाभाविकच म्हणायचे. १४५ सीसीचे दोन फेऱ्यांचे इंजिन, डाव्या मुठीत फिरणारे चार गिअर, पेट्रोलमध्ये मिसळावे लागणारे ऑइल. हिवाळ्याच्या सकाळी ती सुरू होत नसे. मग तिला एका अंगावर कलती करायची, पुन्हा उभी करायची आणि किक मारायची.

तिच्या आठवणींत आज जो गोडवा आहे, त्यातला बराचसा प्रतीक्षेचा आहे. येथे गांधींच्या १९२४ च्या उत्तराची आठवण होते. कारखान्यांवर शासनाचे नियंत्रण आले खरे. किती गाड्या काढायच्या ते परवान्याने ठरे आणि त्या कोणाला मिळायच्या यावरही सरकारी नियम होते. पण हे नियंत्रण टाके घालणाऱ्या बाईच्या मायेतून आलेले नव्हते. चेतकसाठी पैसे भरून दहा-दहा वर्षे नंबरची वाट पाहावी लागे. ज्याचा नंबर लागे, त्याला ती अधिक दामाने विकण्याचा मोह होई. परवान्यापेक्षा अधिक उत्पादन केल्याबद्दल तुरुंगात जावे लागले तरी चालेल, आजोबा देशासाठी तुरुंगात गेलेच होते, असे १९६८ पासून कंपनीची सूत्रे सांभाळणारे राहुल बजाज सांगत असत. स्कूटर दुर्मीळ होती, म्हणून ती प्रतिष्ठेची झाली. आणि प्रतिष्ठेची झाली, म्हणून लग्नाच्या बैठकीत हुंड्याच्या यादीत जाऊन बसली. जुन्या चेतकची आरती ओवाळणाऱ्यांनी ही यादी विसरू नये. कित्येक घरांत ती मुलीच्या बापाच्या कर्जाने आली आहे.

आणखी एक गोष्ट जुन्या छायाचित्रांत स्पष्ट दिसते. पुरुष चालवतो आहे, मूल त्याच्या पुढ्यात उभे आहे, बाई मागे एका बाजूला पाय सोडून बसली आहे. १९८९ च्या 'हमारा बजाज' या जाहिरातीने या कुटुंबाला देशाचे रूप दिले. देशाच्या त्या चित्रात हँडल मात्र बहुतेक पुरुषाच्याच हाती राहिले. गिअर, क्लच, किक आणि एका बाजूला झुकणारे वजन यांनी ती वाटणी अधिक पक्की केली.

*

इतके सांगूनही जुन्या चेतकच्या चाहत्यांचे प्रेम खोटे ठरत नाही. ते कशावर आहे हे त्यांनी नीट पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. आमच्या मते ते प्रेम पत्र्याच्या जाडीवर नाही. ते उघडता येण्यावर आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगाव, हिंगणघाट, आर्वी यांसारख्या गावांतला मिस्त्री, ज्याने कोणत्याही तंत्रनिकेतनाचे तोंड पाहिलेले नाही, तो चेतकचे इंजिन उतरवून, खोलून, पुन्हा बसवू शके. मालकालाही निम्मे काम येत असे. प्लग काढून काजळी खरवडणे, क्लचची तार बदलणे, कार्बोरेटर फुंकून साफ करणे, यांसाठी डिकीतला पाना आणि एक जुनी तार पुरे. यंत्र आपल्याशी लपवाछपवी करत नव्हते. बिघाड डोळ्यांना दिसत होता, कानांना ऐकू येत होता.

भाषेनेही याची नोंद घेतली. एखाद्या मंदबुद्धीच्या माणसाला 'किक मारावी लागते', पैसे संपत आले की घर 'रिझर्व्हवर येते', बदली खेळाडूला 'स्टेपनी' म्हणतात. जे यंत्र हाताळले जाते तेच वाक्प्रचारांत उतरते. जाते, चरखा, मोट, पाथरवट यांनी मराठीला जे दिले, त्याच्याच शेवटी ही चिमूटभर भर पडली. नव्या यंत्रांपैकी किती असे भाषेत उतरतील, हे भाषेच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखे आहे.

वर्ध्याच्या पहिल्या प्रश्नाला जुनी चेतक असे समाधानकारक उत्तर देते. ती माणसाच्या हाती राहिली. गांधी-कुमारप्पांना समोर ठेवून तिची रचना कोणी केली नव्हती, तरी तिने खेड्यापाड्यांत हजारो लहान कारागिरांना स्वतंत्र धंदा दिला. दुसऱ्या प्रश्नाला मात्र तिच्याकडे उत्तर नाही. ती साठ्यावर चालली, तेलात तेल मिसळून जाळत चालली, आणि तिच्या मागच्या निळसर धुराचा वास तिच्या चाहत्यांना कितीही प्रिय असला तरी तो फुप्फुसात जाणारा धूरच होता.

*

नव्वदच्या दशकात मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकले. चेतकला चार फेऱ्यांचे इंजिन मिळाले, पण तोवर उशीर झाला होता. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या पल्सरने कंपनीची ओळख पालटली. कुटुंबाची गाडी बनवणारे घर आता तरुण मुलाची गाडी बनवू लागले. २००९ च्या अखेरीस राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्णपणे सोडण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा त्यांचे वडील राहुल बजाज यांनी आपल्याला त्याचे वाईट वाटल्याचे उघडपणे सांगितले. बाप-लेकांतला हा मतभेद साऱ्या देशाने वर्तमानपत्रांत वाचला. दहा वर्षांनी तेच नाव परत आणण्यात आले. स्मृती हेही भांडवल असते, हे जाणणाऱ्यांनी ते आणले.

नवी चेतक घाईने नाकारण्यासारखी नाही. ती धूर सोडत नाही. तिला किक नाही, क्लच नाही, गिअर नाहीत. त्यामुळे मागे एका बाजूला बसणारी बाई पुढे येऊन हँडल धरते. जुन्या छायाचित्रातली ती वाटणी हिने मोडली, ही लहान गोष्ट नव्हे. शिलाई यंत्राबद्दल गांधींनी जी माया सांगितली, तिचा थोडा अंश येथे शोधता येईल.

कुमारप्पांच्या प्रश्नालाही ती अर्धे उत्तर देते. ती विजेवर चालते आणि वीज प्रवाहातूनही मिळू शकते: उन्हातून, वाऱ्यातून, पाण्यातून. विदर्भाइतके ऊन कोणाकडे आहे? परंतु आज विदर्भातल्या घरात येणारी वीज मुख्यतः शेजारच्या चंद्रपूर-नागपूरकडच्या कोळशाची आहे, आणि बॅटरीतला लिथियम हाही साठाच. म्हणजे उत्तराची शक्यता आहे, उत्तर अजून व्हायचे आहे.

पहिल्या प्रश्नावर मात्र ती अडखळते. तिचा बिघाड दिसत नाही, ऐकू येत नाही. तो संगणकाला जोडून वाचावा लागतो आणि ते वाचन ज्याच्याकडे आहे त्याच्याच दारी जावे लागते. आर्वीच्या मिस्त्रीचा पाना येथे निरुपयोगी ठरतो. हा दोष एका कंपनीचा नाही. आजची बहुतेक सर्व यंत्रे अशीच मिटलेली आहेत. युरोप-अमेरिकेत ग्राहकांनी दुरुस्तीच्या हक्काची मागणी लावून धरली आहे, ती याच कारणाने. वर्ध्यात हा प्रश्न कित्येक दशकांपूर्वी मांडला गेला होता, हे तेथल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

*

चाहत्यांच्या संग्रहालयी वृत्तीबद्दल एक प्रसंग सांगून हे टिपण संपवतो. २५ जुलै १९४१ रोजी हेन्री फोर्ड यांनी गांधींना एक आदराचे पत्र लिहिले. टी. ए. रामन या पत्रकाराच्या हस्ते ते ८ डिसेंबर १९४१ रोजी सेवाग्रामला पोहोचले. आदल्याच दिवशी पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात ओढली गेली होती. गांधींनी उत्तरादाखल आपला एक वापरातला चरखा सही करून पाठवला. जगाला मोटारीत बसवणाऱ्या फोर्ड यांना जुन्या वस्तूंचा विलक्षण लोभ होता. डिअरबॉर्नमधल्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये त्यांनी एडिसनची प्रयोगशाळा आणि राइट बंधूंचे सायकलचे दुकानसुद्धा आणून मांडले होते. आपल्याच मोटारींनी पुसून टाकलेले खेडे ते तेथे पुन्हा रचू पाहत होते, असे कोणी म्हटले तर ते अगदीच गैर होणार नाही. चरखा त्यांनी जिव्हाळ्याने जपला. फक्त त्यावर सूत निघत नव्हते.

जुनी चेतक घासूनपुसून अंगणात उभी करणाऱ्यांनी फोर्ड यांचा हा चरखा आठवावा. गाडी जपणे चांगले. पण ज्या गुणामुळे ती प्रिय झाली तो गुण, म्हणजे मालकाला आणि मिस्त्रीला उघडता येणे, नव्या गाडीतही मागणे हे तिच्या प्रेमाचे खरे काम आहे. त्याच न्यायाने नवीच्या चाहत्यांनी तिच्या विजेचा उगम विचारावा.

वर्ध्याजवळ गोपुरीत गीताई मंदिर आहे. त्याला छप्पर नाही, मूर्ती नाही. विनोबांच्या गीताईचे श्लोक कोरलेल्या शिळा उभ्या आहेत आणि त्यांच्या मांडणीतून गायीचा व चरख्याचा आकार साधला आहे. जमनालालजींच्या स्मरणार्थ हे उभारण्याची कल्पना कमलनयन बजाजांची. देशात स्कूटरचा कारखाना उभा राहिला तो त्यांच्याच कारकिर्दीत. एकाच माणसाच्या मनात ही दोन्ही कामे शेजारी शेजारी राहिली. त्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्या शिळा सांगत नाहीत आणि कारखानाही सांगत नाही. तो संबंध लावण्याचे काम वाचणाऱ्यांकडे, आणि गाडी चालवणाऱ्यांकडे, राहिले आहे.